लेख वाचून आलेल्या पाहुणीच्या पानात काय वाढणार?



आपल्यापैकी बऱ्याच जणी आता घरातून काही ना काही विकतात. कुणी आमसुलं आणि आगळ, कुणी काजू, कुणी फणसाचे तळलेले गरे, कुणी खाकरा आणि मेतकूट. कुणी मालवण-तारकर्लीकडे घराच्याच दोन खोल्या पाहुण्यांना देतात. पूर्वी गिऱ्हाईक ओळखीतून यायचं. आता मुलगा किंवा सून वेबसाइट करून देते आणि ती झाली की पुढचा प्रश्न उभा राहतो: इथे माणसं यायची कशी? मग कुणीतरी सांगतं, "लेख लिहा. लेख वाचून लोक येतात."

सल्ला बरोबरच आहे. पण आपल्या भगिनी लेख लिहून झाला की मला वाचायला पाठवतात, आणि असे बरेच लेख वाचल्यावर माझं एक ठाम मत झालं आहे. लेखाचं काम गर्दी गोळा करणं आहे, अशी समजूत करून घेतली की पुढच्या सगळ्या चुका आपोआप होत जातात. लेख म्हणजे आपण कुणाला तरी दिलेलं जेवणाचं आमंत्रण. आमंत्रणात जे सांगितलं ते पानात वाढायला हवं. नाहीतर दारात शंभर माणसं आली तरी त्यातली एकही दुसऱ्यांदा येत नाही, आणि जाताना दहा जणांना सांगून जाते ते वेगळंच.

ही युक्ती आजची नाही

लेखातून गिऱ्हाईक जोडणं इंटरनेटने आणलं असं कुणाला वाटत असेल, तर सांगली-कोल्हापूरकडे माहेर असलेल्या मैत्रिणींनी किर्लोस्करवाडी आठवावी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली तिथे कारखाना वसवला. लोखंडी नांगर आणि कडबा कापायची यंत्रं तिथे होत. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याची आणि मालाची ओळख लोकांना व्हावी हा हेतू त्यात होताच. पण पान उघडलं की नुसती नांगराची जाहिरात दिसली असती, तर ते किती दिवस चाललं असतं? वाचणाऱ्याला उपयोग होईल, विचार करावासा वाटेल असा मजकूर त्यात येत गेला, आणि कारखान्याच्या खबरीचं महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक झालं. त्याच घरातून १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' निघालं. ज्या घरात नांगर घ्यायचाच नव्हता, त्या घरातल्या बायकाही ही मासिकं वाचत होत्या.

मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं, की वाचणारीने काहीही विकत घेतलं नाही तरी तिला लेखाचा उपयोग झाला पाहिजे. तो झाला तर नाव लक्षात राहतं. गरज पडेल तेव्हा ती आपल्यालाच शोधते.

'जैन' हा शब्द नुसता ओढून आणायचा नसतो

आता सर्वांत मोठ्या चुकीकडे येते. ती आपल्याला थेट लागणारी आहे म्हणून आधी सांगते.

गूगलवर लोक काय शोधतात ते शब्द लेखात घालायचे, असं एजन्सीवाले शिकवतात. त्यांना 'कीवर्ड' म्हणतात. मालवणच्या जेवणाबद्दलचे बहुतेक लेख मासळीचेच असतात. त्यामुळे 'मालवण जैन जेवण' असं शोधणाऱ्या बाईला फार काही सापडत नाही. हे ओळखून काही ठिकाणी तो शब्द लेखात नुसता पेरून ठेवतात. स्वयंपाकघरात मात्र काही बदललेलं नसतं.

गेल्या उन्हाळ्यात माझी नणंद तिच्या सासूबाईंना घेऊन आली होती. माझ्याकडे माणसं जास्त होती म्हणून त्यांनी बाहेर खोली घेतली. एका लेखात स्पष्ट लिहिलं होतं, "जैन थाळी मिळेल." त्यावर विसंबून तिने पैसे भरले. संध्याकाळी पाच वाजता पान आलं. काळ्या वाटाण्याच्या उसळीत कांद्याचं वाटप, सोलकढीत लसूण आणि बाजूला बटाट्याची भाजी. विचारलं तर उत्तर मिळालं, "मासे नाहीत ना त्यात? मग जैनच की!" सासूबाई काही बोलल्या नाहीत. सूर्यास्ताला तास-दीड तास उरला होता. त्यांनी दोन केळी आणि नारळपाणी घेतलं आणि पच्चखाण केलं. नणंदेने मला रात्री फोन केला तेव्हा ती चिडलेली नव्हती, रडवेली झाली होती. आपण त्यांना इतक्या लांब घेऊन आलो आणि उपाशी ठेवलं, हे तिला बोचत होतं.

त्या माणसांनी हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. 'जैन' म्हणजे काय हेच त्यांना ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नसलेला शब्द गिऱ्हाईक येतं म्हणून लेखात घातला, हा दोष मात्र त्यांचाच.

आपण तरी हे करू नये. पाकिटावरचा हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढंच सांगतो. आत कांदा, लसूण, बटाटा, गाजर असलं तरी ठिपका हिरवाच राहतो. म्हणजे 'जैन' या शब्दामागे विकणाऱ्या बाईच्या जबानीशिवाय दुसरं काही नसतं. म्हणून लेखात तो शब्द लिहायचा असेल तर पूर्ण लिहा. कंदमूळ नाही, की फक्त कांदा-लसूण नाही? भांडी वेगळी आहेत का? सूर्यास्तापूर्वी जेवण मिळेल का, आणि त्यासाठी किती वाजेपर्यंत कळवावं लागेल? चातुर्मासात पालेभाजी टाळता का? या चार ओळी ज्या लेखात असतील तो कदाचित महिन्याला चाळीसच जणी वाचतील. पण त्या चाळीस जणी आपल्याच घरच्या असल्यासारख्या येतील.

वजन घटवणारं कोकम

दुसरी चूक मथळ्याची. "रोज एक ग्लास कोकम, महिन्यात दहा किलो वजन कमी!" असे मथळे मी आपल्याच भगिनींच्या लेखांवर पाहिले आहेत. मथळा वाचून माणसं येतात, हे खरंच आहे.

हे आलं कुठून, ते पाहू. परदेशात वजन उतरवायच्या म्हणून ज्या गोळ्या विकल्या गेल्या, त्या 'गार्सिनिया कॅम्बोजिया' या फळाच्या. आपल्या रातांब्याचं शास्त्रीय नाव 'गार्सिनिया इंडिका'. दोन्ही झाडं एकाच घराण्यातली, पण वेगळी. इंग्रजीतला त्या गोळ्यांचा लेख उचलायचा, 'गार्सिनिया'च्या जागी 'कोकम' लिहायचं, आणि खाली आपल्या सरबताची लिंक द्यायची, असं चाललं आहे. त्यात आपल्या कोकम सरबतात साखर किती असते, हे घरातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे!

इथे कायदाही आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ मध्ये जाहिरातीची व्याख्या आहे, आणि तिच्यात इंटरनेट आणि वेबसाइटही येते. म्हणजे माल विकण्यासाठी आपल्या वेबसाइटवर लिहिलेला लेख हा "नुसता लेख" राहत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कलम ५३ खाली १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याशिवाय १९५४ चा जादुई उपचारांच्या जाहिरातींविषयीचा कायदा आहे. ज्या आजारांवर इलाज म्हणून जाहिरात करता येत नाही त्यांच्या यादीत मधुमेह आणि लठ्ठपणा दोन्ही आहेत. घरगुती उद्योग करणाऱ्या बाईला याची कल्पना कुणी देत नाही. लेख लिहून देणारी एजन्सी पैसे घेऊन मोकळी होते, वेबसाइटवर नाव आपलं असतं.

त्यापेक्षा खरं लिहिण्यासारखं केवढं आहे! आमसूल कसं होतं, सालींना त्यांच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात कसं वाळवतात. आगळ म्हणजे मीठ घालून काढलेला अर्क, त्यात साखर नसते, म्हणून सोलकढीला ते घ्यायचं आणि सरबताची बाटली वेगळी. मुंबईच्या बाईला हा फरक माहीत नसतो. ती आगळाचं सरबत करून पाहते, खारट लागतं आणि नाव मात्र आपल्याला ठेवते. हा एक लेख तिचा घोटाळा वाचवतो आणि आपली परत आलेली बाटलीही.

उचललेले आणि घाऊक लेख

तिसरी चूक म्हणजे दुसऱ्याचा लेख उचलणं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाककृती फिरतात तसे लेखही फिरतात, त्यामुळे यात काही चुकलं असं कुणाला वाटतच नाही. पण शब्द आणि फोटो ज्याने केले त्याचा त्यांच्यावर हक्क असतो. कॉपीराइटचा कायदा १९५७ पासून आहे. आपण लहानपणापासून अचौर्य हा शब्द ऐकतो. दुसऱ्याच्या परसातली चार फुलं विचारल्याशिवाय तोडू नयेत, एवढं आपल्याला आजीने शिकवलेलं असतं. मग दुसरीचे चार परिच्छेद कसे चालतात?

व्यवहारातही हे फायद्याचं नाही. एक काळ असा होता, की इंग्रजीत लेखांची मोठमोठी कोठारं होती. 'इझिन आर्टिकल्स' हे त्यातलं प्रसिद्ध नाव. तिथे लेख टाकायचा, खाली आपल्या वेबसाइटची लिंक द्यायची, आणि तोच लेख शब्द इकडचे तिकडे करून आणखी पन्नास ठिकाणी टाकायचा. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने आपली निवडीची पद्धत बदलली. 'पांडा' नावाने तो बदल ओळखला जातो. पोकळ आणि उचललेला मजकूर खाली ढकलला गेला. अमेरिकेतल्या सुमारे १२ टक्के शोधांवर याचा ठळक परिणाम होईल, असं तेव्हा गूगलनेच सांगितलं होतं. त्या कोठारांना मोठा फटका बसला आणि त्यांच्या जिवावर चालणारी कित्येक दुकानंही बसली. आजही एकच मजकूर दहा ठिकाणी दिसला तर गूगल सहसा त्यातलं एकच पान पुढे करतं, आणि ते आपलं असण्याची शक्यता कमीच.

आता शब्द इकडचे तिकडे करायलाही माणूस लागत नाही. "एआयकडून महिन्याला तीस लेख करून देतो" असं सांगणारे फोन मालवणातही येतात. मार्च २०२४ मध्ये गूगलने आपल्या नियमांत स्पष्ट केलं, की केवळ शोधात वर येण्यासाठी घाऊक पाडलेले, वाचणाऱ्याला उपयोग नसलेले लेख चालणार नाहीत, मग ते माणसाने लिहिलेले असोत वा यंत्राने. पण गूगल बाजूला ठेवा. असले लेख मी वाचले आहेत. प्रत्येकात कोकण "निसर्गाच्या कुशीत" असतं, समुद्र "निळाशार" असतो, जेवण "जिभेवर रेंगाळणारं" असतं. सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम १६६४ मध्ये सुरू झालं, हे हजार ठिकाणी लिहिलेलं आहे. गुडघे दुखणाऱ्या आजीला किल्ल्याच्या बोटीत चढता-उतरता येईल का, ऊन चढण्याआधी कधी निघावं, तिथे पाणी बरोबर न्यावं का, हे मात्र इथे राहणाऱ्या बाईलाच सांगता येतं. ते लिहा. ते कुणाला उचलूनही फारसा उपयोग नाही, कारण प्रश्न आला की उत्तर आपल्यालाच द्यायचं आहे.

एकच शब्द वीस वेळा

"घरगुती मालवणी मसाला हवा आहे? आमचा घरगुती मालवणी मसाला सर्वोत्तम घरगुती मालवणी मसाला आहे." हे मी रचलं असलं तरी तुम्ही असं काहीतरी वाचलं आहे, हे मला माहीत आहे. एकच शब्द वारंवार कोंबला तर गूगलही त्याला गैर मानतं, आणि वाचणारी तर दुसऱ्या ओळीलाच पान बंद करते.

शब्दांचा खरा प्रश्न वेगळा आहे. पुण्याची बाई 'आमसूल' म्हणते, आपल्याकडे 'सोलां' म्हणतात, दुकानदार 'कोकम' म्हणतो. फळ कुणाला 'रातांबा' तर गोव्याच्या बाजूला 'भिरंड'. कुणी मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून शोधते, कुणी फोनला बोलून विचारते. ही सगळी नावं एकेकदा, सहज, सांगायची म्हणून सांगितली तर लेखातच येतात: "ज्याला तुम्ही आमसूल म्हणता, त्याला आमच्याकडे सोलां म्हणतात." वाचणारीलाही माहिती मिळते.

नावांच्या बाबतीत आणखी एक. 'देवगड हापूस' हे नाव फार ओढतं, म्हणून कुठल्याही आंब्याच्या लेखावर ते घालण्याचा मोह होतो. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पालघर, ठाणे आणि रायगड हे जिल्हे आहेत. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमालाही मानांकन आहे आणि वेंगुर्ल्याच्या काजूलाही. दुसरीकडचा माल या नावाने विकणं कायद्यात बसत नाही. आपला आंबा कुडाळचा असेल तर कुडाळचा म्हणा. बाग कुठे, कलमं किती वर्षांची, अढी गवतात घालता की पेटीतच पिकवता, ते लिहा. आंब्याची आवड असलेल्या माणसाला हे वाचायला आवडतं.

लेख एकीकडे, दार दुसरीकडे

ही चूक साधी, पण सर्रास होते. लेख असतो सोलकढीवर, अगदी मनापासून लिहिलेला. खाली लिंक दाबली की वेबसाइटचं पहिलं पान उघडतं. तिथे संस्थेचा इतिहास, सत्काराचा फोटो आणि चाळीस वस्तू. आगळाची बाटली शोधता शोधता पोळी करपते आणि बाई फोन बाजूला ठेवते.

सोलकढीचा लेख वाचणारीला थेट आगळाच्या पानावर न्या. तिथे बाटली किती मिलीलीटरची, किंमत किती, पोस्टाने की कुरिअरने, पाठवणावळ किती, काच की प्लास्टिक, किती महिने टिकतं, आणि अन्न परवान्याचा म्हणजे एफएसएसएआयचा क्रमांक, हे सगळं एका नजरेत दिसू द्या. फोन कधी करावा तेही लिहा. दुपारी आपण जेवतो, झोपतो, सामायिकाला बसतो, तेव्हा उचलला जात नाही, हे लिहायला लाज कसली?

फोटो आपला असू द्या. नेटवरून उचललेला चकचकीत आंबा दाखवायचा आणि घरी पोचतो तो वेगळाच, यातून तंटेच होतात. मोबाइलवर काढलेला, खिडकीजवळच्या उजेडातला फोटो पुरतो. तो फार जड ठेवू नका, गावात नेटवर्क कसं असतं ते आपल्याला माहीतच आहे.

तारीख आणि हंगाम

लेखावर तारीख न घालणं ही आणखी एक चूक. लेख जुना दिसू नये म्हणून काही जण मुद्दाम ती काढून टाकतात. त्याचा परिणाम पाहा. पावसाळ्यात, साधारण जून ते ऑगस्ट, सिंधुदुर्ग किल्ल्याची बोट आणि समुद्रातले खेळ बंद असतात. तरी कुठल्या तरी बिनतारखेच्या लेखात "वर्षभर कधीही या" असं वाचून माणसं जुलैत मुलांना घेऊन येतात आणि जेट्टीवर भिजत उभी राहतात. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. तिथल्या विमानसेवा नंतर बदलत राहिल्या, पण पहिल्या उत्साहातले लेख तसेच आहेत. राजकोटचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला, २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, मे २०२५ मध्ये नवा उभा राहिला. जुन्या लेखात या मधल्या गोष्टींचा पत्ता नसतो. अशा लेखाने आलेला माणूस लेखावरही चिडतो आणि गावावरही.

म्हणून वर्षातून दोनदा, समजा दिवाळीनंतर आणि होळीच्या आधी, सगळे लेख उघडून पाहायचे. डबे पुसून पुन्हा भरतो तसंच हे काम. जे बदललं ते दुरुस्त करायचं आणि "अमुक महिन्यात तपासलं" असं खाली लिहायचं.

हंगामाचंही तेच. आंब्याचा लेख एप्रिलच्या मध्यावर लिहिला तर तो लोकांपर्यंत पोचेस्तोवर पेट्या संपतात. गूगलला नवं पान सापडायला आणि लोकांना ते दिसायला वेळ लागतो. आंब्याचा लेख थंडीतच तयार हवा. सरबताचा लेख ऊन तापायच्या आधी, आणि पर्युषणाच्या खाऊचा आषाढात.

दुसऱ्याच्या अंगणातली रांगोळी

काही मैत्रिणी म्हणतात, वेबसाइटची भानगडच नको, आम्ही सगळं फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर लिहितो. तिथे लिहा, जरूर लिहा. पण ती जागा आपली नाही. आठवा, 'ऑर्कुट' किती जोरात होतं. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. २९ जून २०२० ला 'टिकटॉक'वर आपल्या देशात बंदी आली आणि ज्या बायकांचे तिथे हजारो चाहते होते त्यांचं सगळं एका रात्रीत नाहीसं झालं. त्यांचा काही अपराध नव्हता. म्हणून मूळ लेख आपल्या वेबसाइटवर आणि त्याची एक प्रत घरात जपून. बाकीच्या ठिकाणी त्यातला थोडा भाग आणि पुढे वाचायला या असं बोलावणं.

मोजायचं काय?

एजन्सीवाला महिन्याच्या शेवटी आलेख दाखवतो: "ताई, या महिन्यात पाच हजार लोक आले!" त्याला एवढंच विचारा, त्यातल्या कितींनी आगळाचं पान उघडलं, कितींनी फोन केला, कितींनी दुसऱ्यांदा मागवलं? तो गडबडला तर समजून घ्या. मी तर सांगते, एक साधी वही ठेवा. ऑर्डर आली की विचारायचं, "आमच्याबद्दल कुठून कळलं?" आणि उत्तर लिहून ठेवायचं. सहा महिन्यांत कुठला लेख काम करतो आहे ते आलेखापेक्षा जास्त स्पष्ट दिसतं.

विषय कुठून आणायचे, असंही विचारतात. ते त्याच वहीत असतात. गेल्या दहा गिऱ्हाइकांनी काय काय विचारलं? "मालवणी मसाल्यात कांदा-लसूण असतो का?" हा प्रश्न आपल्या घरांतून हमखास येतो. त्याचा पुरा लेख होतो. आपल्या डब्यात नेमकं काय आहे ते सांगा: सुकी मिरची, धणे, लवंग, दालचिनी, मिरी, चक्रीफूल, दगडफूल, हळद, जे घालता ते. मग सांगा, की लोक कांदा घालतात तो बहुधा वाटपात. त्याऐवजी सुकं खोबरं चांगलं तांबूस भाजून, थोडे धणे-तीळ घालून वाटलं आणि फोडणीला हिंग दिला, की कांद्याशिवायही काळ्या वाटाण्याची उसळ आंबोळीबरोबर छान लागते. या लेखासाठी कुठल्याही एजन्सीची गरज नाही, आणि तो आपल्याशिवाय दुसरं कुणी लिहूही शकत नाही.

मला माहीत आहे, काही जणी म्हणतील, "असं एकेक नीट लिहायला वेळ कुठे आहे? आणि बाकीचे सगळे तर गर्दीच्या मागे आहेत." वेळ कमी आहे हे मान्य. म्हणूनच महिन्याला तीस लेखांऐवजी एकच लिहा. बाकीच्यांचं म्हणाल, तर घाऊक लेखांचा धंदा एकदा २०११ मध्ये बसलेला आपण पाहिला आहे. आणि ज्यांना दुसऱ्याच वर्षी वेबसाइटचं नाव बदलून नव्याने सुरुवात करायची आहे, त्यांना नावाची चिंता नसते. आपल्याला त्याच गावात राहायचं आहे, त्याच मंदिरात जायचं आहे, आणि तेच नाव मुलीच्या हाती द्यायचं आहे.

तेव्हा पुढचा लेख वेबसाइटवर चढवण्याआधी तो घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा आणि विचारा, "हे वाचून तू आलीस, तर तुला इथे काय मिळेल असं वाटतं?" तिने जे सांगितलं ते आपल्याकडे खरोखर असेल तर लेख पाठवा. नसेल, तर ती ओळ खोडा.